फळ्यावरचा पुसलेला मजकूर

या, सरका जरा जवळ. मागच्यांनीही पुढं या, जागा भरपूर आहे. हातातले फोन पालथे घाला. तासाभरानं बघाल तर सगळे तिथंच असतील, जातायत कुठं! तुम्हाला आज एका फळ्याची गोष्ट सांगतो. साधा, काळा, लाकडी चौकटीचा, खडूनं लिहायचा फळा. एका आठवड्यात त्याच्यावर अशी काही पाळी आली की ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा, देवानं हसू काय कपाटात ठेवायला दिलंय? मात्र शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. ते ऐकल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

तर इमारत होती आठ मजल्यांची, अठ्ठेचाळीस घरांची. दरवाज्यातून आत शिरलं की डावीकडे टपालाच्या पेट्या, उजवीकडे लिफ्ट, आणि दोहोंच्या मधल्या भिंतीवर तो फळा. फळ्याशेजारी टेबल, टेबलावर येणाऱ्याजाणाऱ्यांची वही, आणि टेबलामागच्या खुर्चीत खडूकाका.

खडूकाका म्हणजे त्या इमारतीचा दारावरचा माणूस. पण मूळचे ते पाट्या रंगवणारे. चांभाराच्या पाटीवर त्यांनी काढलेला बूट बघून लोक पाय पुढे करायचे म्हणे! अक्षराला सावली अशी द्यायचे की अक्षर पाटीतून उठून बाहेर येतंय असं वाटावं. पुढं छापील पाट्या आल्या, तासाभरात तयार, आणि काकांचे ब्रश डब्यात गेले. काकांनी कुरकूर केली नाही. दारावरची नोकरी धरली. पहिल्याच दिवशी समोर रिकामा फळा दिसला, त्यावर कोणीतरी कधीकाळी तिरकं ‘लिफ्ट बंद’ लिहून ठेवलेलं, आणि काकांचे हात शिवशिवले. त्याला आता सतरा वर्षं झाली होती.

सकाळी साडेसहाला काका फळ्यावर ओलं फडकं फिरवत. कोरड्या फडक्यावर त्यांचा विश्वास नव्हता. “कोरड्यानं पुसलं तर फळा विसरल्याचं नुसतं सोंग करतो,” म्हणायचे. मग पिवळी चौकट, मग पांढरी अक्षरं, एकेक अक्षर दाबून, खडू मोडेल इतकं ठसठशीत. मजकूर असा असायचा: ‘पाणी दहा ते अकरा बंद. लिफ्टला आज दमा आहे, गुडघे धड असणाऱ्यांनी जिना धरावा. सहाव्या मजल्यावरून एक मोजा खाली पडला आहे; दुसऱ्या मोज्यानं येऊन ओळख पटवावी.’ आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: ‘आजचा दिवस देवानं कोरा दिलाय. चुरगाळू नका.’

लिफ्ट यायला तीन मिनिटं लागत. त्या तीन मिनिटांत सगळी इमारत फळा वाचून घ्यायची. कोणी हसायचं, कोणी “काका, मोजा माझा हो!” म्हणून न्यायचं. काकांना दुसरं काही नको होतं.

आणि मग ग्रुप आला.

अठ्ठेचाळीस घरांचा एकच ग्रुप, एकशे बारा माणसं, दिवसाला चारशे मेसेज. त्यातले साठ सुप्रभातचे, गुलाबासकट. आता लिफ्टपाशी उभं राहिलं की माना खाली. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई फळ्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि ग्रुपवर लिहीत होत्या, पाणी कधी येणार. लिहिताना पुटपुटायची सवय.

“अकराला,” काका दीड हातावरून म्हणाले.

बाई दचकल्या. “अय्या काका, तुम्हीपण ग्रुपवर आहात?”

काकांनी मान हलवली आणि खडूची धूळ झटकली.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस: सेक्रेटरी. चौथा मजला, वय पन्नास, दोन फोन, आणि मनगटावर एक शहाणं घड्याळ. जास्त वेळ बसलात तर ते घड्याळ थरथरून ‘उभे राहा’ म्हणायचं, आणि हा आज्ञाधारक माणूस असेल तिथं उभा राहायचा. भर सभेत उभा राहिला की लोकांना वाटे भाषण आहे, लोक गप्प होत, आणि मग त्याला भाषण करावंच लागे. मनानं वाईट नव्हता हो. फक्त नवं काही दिसलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

सोमवारी सकाळी तो टेप घेऊन आला आणि फळा मापू लागला.

“काय हो,” काका म्हणाले, “फळ्याला झबलं शिवताय का?”

“स्क्रीन येतोय, काका! येत्या रविवारी अकराला. पंचावन्न इंच. बोलतो! ग्रुपवरचे सगळे मेसेज स्वतः वाचतो आणि दोन वाक्यांत सार सांगतो. आता कोणाला काही वाचायलाच नको.”

“आणि फळा?”

सेक्रेटरीनं टेप गुंडाळला. “तो उतरवायचा. कालच ग्रुपवर पोल घेतला ना. एक्केचाळीस अंगठे आलेत. हे बघा.”

काकांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं. गाण्याच्या बाई. पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. सातव्यावरचे निवृत्त हेडमास्तर. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी! या आजी रोज खाली उतरून फळा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचायच्या.

“तुमची नोकरी आहेच हो,” सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाला. “फक्त लिहायचं नाही. नुसतं बसायचं. आराम!”

आजी दूध घ्यायला खाली आल्या तेव्हा काकांना राहवेना. “आजी, तुम्हीसुद्धा अंगठा दिलात?”

“कसला रे अंगठा?”

“फळा काढायला.”

“अगंबाई! अरे, मी सगळ्यालाच देते. सकाळी उठले की वरपासून खालपर्यंत अंगठे देत सुटते. नाही दिला तर लोकांना वाटतं, म्हातारी गेली.”

काका हसले आणि खुर्चीत येऊन बसले. एकदा यंत्रानं हातातला ब्रश काढून घेतला होता. आता खडू. आणि या वेळेला तर कोणी काढूनसुद्धा घेतला नव्हता. माणसांनी बघता बघता, न बघताच देऊन टाकला होता. ‘नुसतं बसायचं’ हे दोन शब्द दुपारपर्यंत त्यांच्या कानात माशीसारखे फिरत राहिले.

काका आणि काकू तळमजल्यावरच, पंपाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत राहत. काकू जेवताना फोन भांड्याला टेकवून ठेवायच्या आणि कुठल्यातरी परक्या माणसानं मळका गालिचा धुतलेला बघायच्या. रोज. गालिचा स्वच्छ झाला की समाधानानं पाणी प्यायच्या.

“आपल्याकडे गालिचा आहे का?” काका वैतागून म्हणाले.

“नाही. म्हणून तर बघते. अहो, तोंड का पाडलंय?”

काकांनी सगळं सांगितलं. काकूंनी गालिचा थांबवला, म्हणजे गोष्ट गंभीर आहे हे ओळखा.

“तुमचं चुकतंय कुठं, सांगू? तुम्ही फळ्यावर बातम्या लिहिता.”

“मग काय लिहू, अंगाई?”

“लोक फोन बातमीसाठी बघतात होय? आपल्याकडे कोणी बघितलं का, हे बघायला बघतात. मेसेज गेला की एक टिक. पोचला की दोन. वाचला की त्याच दोन निळ्या होतात. बहिणीनं माझा मेसेज निळा करून उत्तर नाही दिलं तर माझा अख्खा दिवस जातो. मग ते ‘शेवटचे दिसले’. ती किती वाजता जागी होती ते मला इथं बसून कळतं. मग स्टेटस. टाकलं की चोवीस तासांत आपोआप जातं. आणि लिहिलेलं पुसलं की तिथं लिहून येतं, हा मजकूर पुसला आहे म्हणून.”

“पुसल्यावर ते सांगायचं कशाला?”

“तसा नियमच आहे. गुपचूप पुसलेलं चालत नाही.”

काकांनी हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलं. अगदी शिकवणीला बसल्यासारखं, मुद्दे घालून. मग उठले आणि निळ्या खडूचा डबा शोधू लागले.

मंगळवारी फळ्याच्या उजव्या बाजूला अठ्ठेचाळीस घरांचे आकडे उभे राहिले. माणूस दारातून आत आला की काका त्याच्या घरापुढे एक टिक करत. फळ्यासमोर आला की दुसरी. आणि त्यानं खरोखर वाचलं, ओठ हलले, डोळे डावीकडून उजवीकडे गेले, अशी खात्री पटली की दोन्ही टिकांवरून निळा खडू.

पहिल्या भांडणाला नऊ वाजले. दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात निघाल्या होत्या.

“काका, माझ्या टिका पांढऱ्या का?”

“तुम्ही नुसत्या बघून गेलात, बाई.”

“मी वाचलं! पाणी दहा ते अकरा बंद!”

“ते कालचं. आज साडेदहा ते बारा.”

बाई मुकाट परत आल्या, फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळा मजकूर मोठ्यानं वाचला. काकांनी टिका निळ्या केल्या. बाईंनी पर्स खांद्यावर चढवली आणि शेजारच्या पांढऱ्या टिका किती आहेत ते मोजून, खूश होऊन गेल्या.

बुधवारी स्टेटसचा कोपरा निघाला. सांगेल त्याचं काका लिहीत, आणि चोवीस तासांनी घड्याळ बघून पुसत. हेडमास्तरांनी सांगितलं: ‘आज केस कापले. कोणाच्या लक्षात आलेलं नाही.’ संध्याकाळपर्यंत तेवीस माणसांनी त्यांना थांबवून केसांचं कौतुक केलं. मास्तर शेवटी टोपी काढूनच फिरू लागले. गाण्याच्या बाईंनी सांगितलं: ‘पहाटे रियाज. गळ्याला विश्रांती नाही.’ एका आईनं सांगितलं: ‘कन्येला पहिला दात आला. चावते. जपून.’

गुरुवारी काकांनी ‘शेवटचे दिसले’ सुरू केलं, आणि तिथं मात्र घसरले. वाईट हेतू नव्हता. वहीत होतं तेच फळ्यावर आलं. पण वही कोणी वाचत नव्हतं आणि फळा आता सगळे वाचत होते. त्यावर चौथ्या मजल्यापुढे ओळ होती: ‘सेक्रेटरी: शेवटचे दिसले सकाळी ७.१०, स्कूटरींच्या मागे, खाली बसलेले, हातात गुलाबी रिबनचा खोका.’

सेक्रेटरीची बायको फळा वाचत म्हणाली, “तुम्ही तर धावायला जाता ना? खोका कसला?”

“ट… टेप होता. मापायचा.”

“टेपला गुलाबी रिबन?”

“काका!” सेक्रेटरी लालबुंद झाला. “ही माझी खासगी माहिती आहे! अशी चव्हाट्यावर टांगता येत नाही!”

“चुकलं साहेब,” काका खरोखर वरमले. “फोनमध्ये ती बंद करायची सोय असते म्हणे. तुमची बंद करतो.” आणि त्यांनी ओळ पुसून तिथं लिहिलं: ‘सेक्रेटरी: दिसतात, पण सांगायचं नाही.’

त्यानं तर आगीत तेलच पडलं. सेक्रेटरीनं तिथल्या तिथं दोन्ही फोन काढले, स्क्रीनवाल्याला पुन्हा बजावलं आणि काकांकडे वळून म्हणाला, “तीन दिवस गंमत झाली. मलाही आली. पण पोल तो पोल. एक्केचाळीस अंगठे आहेत काका, रविवार अकरा म्हणजे अकरा.”

अंगठ्यांपुढं काका काय करणार? फळ्याभोवती गर्दी होती, हसणं होतं, पण त्या गर्दीत एकालाही ठाऊक नव्हतं की आपण गेल्या रविवारी अंगठा कशाला दिला. आणि आपल्याच तोंडानं ‘माझा फळा वाचवा’ म्हणायचं काकांना जमेना. रोज देवापुढे हात जोडायचे, पण मागायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. देवाशीसुद्धा त्यांचं बोलणं हालहवालीपुरतंच.

शनिवारी दुपारी लॉबीत कोणी नव्हतं. काकांनी स्टेटसच्या कोपऱ्यात, आपल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, सावली देऊन लिहिलं:

‘उद्यापासून हा फळा नसेल. सतरा वर्षं उभ्या उभ्या वाचलंत. देव तुमचं भलं करो. लिफ्ट आली, जा आता.’

मागं सरून वाचलं. डोळे भरून आले आणि लगेच लाज वाटली. हे तर रडगाणं झालं! पाटी रंगवणाऱ्यानं पाटीवर स्वतःचं दुखणं लिहायचं नसतं. तो बूट चांभाराचा, आपला नव्हे. लिफ्टचा आवाज आला तसं त्यांनी घाबरून फडकं शोधलं. फडकं काकूंनी धुवायला नेलेलं. मग काकांनी शर्टाच्या बाहीनंच खसाखसा पुसलं. लिफ्ट उघडली, आत कोणीच नव्हतं.

काका हुश्श करून बसले. आणि तेवढ्यात त्यांना वहीचं शेवटचं पान आठवलं. गुपचूप पुसलेलं चालत नाही! नियम म्हणजे नियम. आयुष्यात त्यांनी नियम मोडला नव्हता. उठले, खडू घेतला, आणि त्या रिकाम्या जागी प्रामाणिकपणे लिहिलं:

‘हा मजकूर लिहिणाऱ्यानं पुसला आहे.’

आणि घरी जाऊन पडले. मंडळी, आपण काय पेरून आलोय याची त्या भल्या माणसाला शंकासुद्धा नव्हती.

रविवारी सकाळी काका साडेसहाला आले तर फळ्यासमोर चौदा माणसं उभी. रविवारी! त्यात दोघातिघांच्या अंगात घरचेच कपडे, एकाच्या तोंडात दातांचा ब्रश.

“काका, काय पुसलंत?”

“काही नाही.”

“काही नाही तर पुसलं कशाला?”

“पुसलं ते पुसलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.”

हे वाक्य बोलून काकांनी उरलीसुरली आशाही घालवली. ‘सांगण्यासारखं काही नाही’ म्हणजे नक्की काहीतरी भयंकर! फळ्याला ओलं फडकं लावायला हात पुढं केला तर हेडमास्तरांनी तो मनगटात पकडला. “हात लावू नका. पुरावा आहे.”

आठ वाजेपर्यंत ग्रुपवर चारशे मेसेज पडले. नऊपर्यंत सगळी इमारत खाली. लॉबीत मावेनात म्हणून जिन्यावर बसले, पाचव्या पायरीपर्यंत. आजींनी स्वतःची खुर्ची आणवली. जो तो काकांकडे बघायचा, मग नजर चुकवायचा. सगळ्यांना ठाऊक होतं की दारावरच्या माणसाला सगळंच दिसतं, आणि प्रत्येकाला वाटायला लागलं, पुसलेलं ते माझ्याबद्दलच.

पहिले हेडमास्तर फुटले. “ठीक आहे! कबूल! लिफ्टमध्ये सगळ्या मजल्यांची बटणं मीच दाबतो. रोज.”

“तुम्ही?” डॉक्टरीणबाई ओरडल्या. “मी दोन वर्षं दुरुस्तीवाल्याला शिव्या घालतेय!”

“एकट्यानं सातव्या मजल्यापर्यंत जायला नको वाटतं हो,” मास्तर खाली बघत म्हणाले. “मजल्यामजल्याला थांबली की कोणी ना कोणी भेटतं.”

लोक हसायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले. पण तोवर गाण्याच्या बाईंचा धीर सुटला होता. “माझंच लिहिलं असणार. काका, तुम्ही चांगले म्हणून पुसलंत. पहाटेचा रियाज… मी करत नाही. रेकॉर्डिंग लावते आणि झोपते.”

“म्हणजे रोज पहाटे पाचला तुम्ही झोपता आणि मी उठते?” वरच्या मजल्यावरची दाताच्या बाळाची आई म्हणाली.

तेवढ्यात अकरा वाजले आणि स्क्रीनवाले आले. दोघं, खांद्यावर भलामोठा खोका. भिंतीपर्यंत पोचायला वाट नाही. “साहेब, कुठं बसवायचा?” पण साहेब कुठं ऐकतायत! सेक्रेटरी बायकोच्या नजरेखाली घामाघूम झाला होता. “केक,” तो एकदम म्हणाला. “क्रीमचा. रोज सकाळी स्कूटरींच्या मागे बसून खातो. धावत नाही. कधीच धावलो नाही.”

“मला काय माहीत नाही?” बायको म्हणाली. “शर्टाला क्रीम लावून घेऊन कोण धावतं? मी म्हटलं, बघू किती दिवस धावतात.”

काका बिचारे हात जोडून सगळ्यांना विनवत होते. “अहो बास! यातलं काहीच नव्हतं त्यात!”

“मग काय होतं?” सगळे एका सुरात.

सेक्रेटरीला वाटलं, आता यंत्रच अब्रू वाचवील. स्क्रीनचा खोका भिंतीशी टेकवून तिथंच सोडवला, वायर जोडली, फोन जोडला. स्क्रीन उजळला. सेक्रेटरीनं घसा साफ करून विचारलं, “फळ्यावरून काय पुसलं गेलं?”

यंत्र क्षणभर विचारात पडलं आणि गोड आवाजात म्हणालं, “सुप्रभात. चारशे सदतीस संदेश वाचले. सार असं: काय पुसलं, असं सर्वजण सर्वांना विचारत आहेत. सर्वांना अंगठे मिळाले आहेत. आपला दिवस आनंदात जावो.”

“हे तर मलापण येतं,” आजी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई मात्र फळ्याजवळ सरकल्या होत्या. मान वाकडी करून, अगदी दाढ तपासावी तशा बघत होत्या. “एक मिनिट. काका, तुम्ही खडू फार दाबता.”

“सवय आहे.”

“आणि हे कोरड्यानं पुसलंय.”

काका लगबगीनं पुढं आले. “बाई, नको…”

बाईंनी पर्समधून कपाळाला बांधायचा दवाखान्यातला दिवा काढला, बांधला, लावला आणि उजेड फळ्यावर तिरका पाडला. आणि मंडळी, फळा काही विसरला नव्हता. काळ्यावर काळसर, सावलीसकट, एकेक अक्षर वर आलं.

“उद्या… पासून,” बाईंनी वाचलं.

“हा… फळा,” हेडमास्तरांनी वाचलं.

“नसेल,” गाण्याच्या बाई म्हणाल्या, आणि झोपून काढलेल्या सगळ्या रियाजांचा सूर त्या एका शब्दात लागला.

मग पुढची ओळ सगळ्यांनीच मिळून वाचली, लॉबीतून जिन्यापर्यंत, पुढच्यांनी आधी आणि मागच्यांनी मागून. सतरा वर्षं उभ्या उभ्या वाचलंत. देव तुमचं भलं करो. लिफ्ट आली, जा आता.

कोणी हललं नाही. लिफ्ट खरंच आली, उघडली, वाट बघून बंद झाली.

“फळा का नसेल?” बाळाच्या आईनं विचारलं.

“तुम्हीच मत दिलंत,” सेक्रेटरी हळूच म्हणाला. “एक्केचाळीस अंगठे.”

फोन निघाले. बोटं वर वर सरकली, गुलाबांमधून, वाढदिवसांमधून, मागं मागं. पोल सापडला. प्रत्येकाला आपापला अंगठा सापडला.

“मी वाचलंच नव्हतं,” कोणीतरी पुटपुटलं.

“मी तर एकाच्या तापालाही अंगठा दिला होता,” दुसरा म्हणाला.

आजी खुर्चीतून उठल्या. “ते अंगठे बिंगठे आता बास. फळा राहावा असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करा. हात! अख्खा, खांद्यापासून.”

हात वर गेले. जिन्यावरचे गेले, लॉबीतले गेले, बाळाचाही आईनं वर केला. स्क्रीनवाल्या दोघांनीही केले. त्यांनीही अक्षरं वाचली होती. सगळ्यांची नजर सेक्रेटरीकडे. तो स्क्रीनच्या रिकाम्या खोक्यावर बसला होता, मान खाली, हात मांडीवर. त्याचा स्क्रीन, त्याचा पोल, आणि आता केकही गेलेला.

आणि तेवढ्यात त्याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं.

सेक्रेटरी सवयीनं ताडकन उभा राहिला.

“सेक्रेटरी उभे राहिले!” मास्तर ओरडले. “फळ्यासाठी उभे राहिले!” आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की यंत्रानं स्वतःहून “आपलेही आभार” म्हटलं. सेक्रेटरीनं घड्याळाकडे बघितलं, टाळ्यांकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काका बाहीनं डोळे पुसत होते, त्याच खडू लागलेल्या बाहीनं, त्यामुळे दोन्ही गाल पांढरे झाले होते. आता बसला असता तरी चाललं असतं. पण बसवेना त्याला. त्यानं हात वर केला, खांद्यापासून.

“आणि हा पंचावन्न इंची पाहुणा?” त्याच्या बायकोनं विचारलं.

सेक्रेटरीच्या डोळ्यांत लगेच ती जुनी चमक आली. “याला कॅमेरा आहे,” तो म्हणाला.

तेव्हापासून स्क्रीन समोरच्या भिंतीवर आहे, फळ्याकडे तोंड करून. काम एकच: रोज साडेसहाला फळा सगळ्यांच्या फोनवर थेट दाखवायचा. पहिल्या दिवशी एकाहत्तर जणांनी अंथरुणातून बघितला. काका ओलं फडकं फिरवतात, तेही बघतात. काकू म्हणतात, गालिच्यापेक्षा बरं वाटतं. काका लिहिता लिहिता शब्दासाठी अडले की खडूनं तीन टिंबं काढून ठेवतात, म्हणजे लोकांनी समजावं, विचार चाललाय. लोक थांबतात. मग बहुतेकजण खाली येतातच, कारण निळी टिक फक्त समोर उभं राहून वाचणाऱ्याला मिळते. त्यात काका कोणाची गय करत नाहीत. सेक्रेटरी आता केक खुर्चीत बसून खातो, अर्धा काकांना देतो. लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबत जाते, आणि कोणी तक्रार करत नाही. आजी रोज अंगठा देतात. पण आधी विचारतात, “कशाला देतेय रे मी?”

तर माझं मागणं एवढंच. आता तुम्ही उठाल, पालथे फोन सुलटे कराल, आणि सवयीनं अंगठा वर येईल. येऊ दे. पण तो टेकवण्याआधी तीन टिंबांपुरते थांबा, आणि बाहीला खडू लागलेल्या त्या दारावरच्या माणसाला, खडूकाकांना, तेवढं आठवा.